समोरच्याच्या कपाटाची किल्ली

१२ मे १९८६. न्यूयॉर्कच्या मॅनहटन भागातील संघीय न्यायालयात न्यायाधीश जॉन कीनन यांनी भोपाळ वायुदुर्घटनेचा दावा अमेरिकेत चालवण्यास नकार दिला. दुर्घटना भारतात घडली, पीडित भारतात आहेत, साक्षीदार भारतात आहेत, तेव्हा दावाही भारतातच चालावा, असा त्यांचा निर्णय होता. मात्र हा निर्णय देताना त्यांनी युनियन कार्बाइड कंपनीवर तीन अटी घातल्या.

भारतीय न्यायालयांचे अधिकारक्षेत्र मान्य करावे आणि मुदत संपल्याचा बचाव घेऊ नये, ही पहिली अट. भारतीय न्यायालय देईल तो निवाडा पाळावा, ही दुसरी. तिसरी अट ऐकायला रुक्ष वाटते. दावा भारतात चालला, तरी कंपनीने आपल्याकडील कागदपत्रे आणि माहिती अमेरिकेच्या दिवाणी नियमांप्रमाणे समोरच्या पक्षाला खुली करावी, असे तीत म्हटले होते.

आठ महिन्यांनी वरिष्ठ न्यायालयाने कीनन यांचा मूळ निर्णय कायम ठेवला, पण दुसरी आणि तिसरी अट काढून टाकली. त्या तिसऱ्या अटीत नेमके काय होते आणि ती गेल्याने काय गेले, हे समजण्यासाठी काही शतके मागे जावे लागते.

या गोष्टीचे कायद्यातील नाव आहे ‘डिस्कव्हरी’. मराठीत तिला प्रकटीकरण म्हणता येईल. दिवाणी दाव्याची प्रत्यक्ष सुनावणी सुरू होण्यापूर्वी एका पक्षाने दुसऱ्याकडून माहिती व कागद मागायचे आणि दुसऱ्याने ते द्यायचे, मग ते त्याच्या विरोधात जाणारे का असेनात, अशी ही व्यवस्था. व्यवहारातील मनुष्याला हे विचित्रच वाटेल. भांडण ज्याच्याशी, त्यानेच आपल्या कपाटाची किल्ली काढून द्यायची!

जुन्या इंग्लंडलाही ते विचित्रच वाटत होते. तेथील कॉमन लॉ न्यायालयांत अशी काही सोयच नव्हती. उलट, वादी आणि प्रतिवादी यांना स्वतःच्या दाव्यात साक्ष देण्यासही मनाई होती. ज्याचा स्वार्थ गुंतलेला आहे तो खरे बोलणार नाही, हे त्यामागील तर्कशास्त्र. परिणाम असा की, भांडणाची सर्वाधिक माहिती ज्या दोघांना असे, तेच दोघे न्यायालयात मुके असत. करारपत्र प्रतिवादीच्या पेटीत कुलूपबंद असेल, तर वादीने ते कोठून आणावे?

वाट होती, पण ती दुसऱ्या न्यायालयातून जाणारी. लॉर्ड चॅन्सेलर हा पूर्वी बहुधा धर्मगुरू असे आणि त्याचे चॅन्सरी न्यायालय माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीला हात घालण्याचा अधिकार सांगत असे. तेथे ‘बिल ऑफ डिस्कव्हरी’ दाखल करायचे. मग प्रतिवादीला शपथेवर लेखी उत्तरे द्यावी लागत आणि कागद दाखवावे लागत. ते घेऊन वादी पुन्हा मूळ न्यायालयात परते. एका भांडणासाठी दोन न्यायालये, दोन वकील, दोन खर्च. शिवाय शपथेवरचे ते उत्तर प्रतिवादीचा वकीलच लिहून देई, त्यामुळे त्यात शपथ भरपूर आणि उत्तर थोडे असे. चार्ल्स डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’ कादंबरीने या चॅन्सरीच्या दिरंगाईला कायमचे कुप्रसिद्ध करून ठेवले आहे.

ती कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली १८५२ मध्ये, आणि त्याच सुमारास इंग्लंडमध्ये गोष्टी बदलू लागल्या होत्या. १८५१ च्या कायद्याने पक्षकारांना साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची मुभा मिळाली. १८५४ मध्ये कॉमन लॉ न्यायालयांनाही प्रश्नावली आणि कागद मागवण्याचे अधिकार मिळाले. १८७३ ते १८७५ च्या सुधारणांनी दोन्ही न्यायपद्धती एका छताखाली आल्या.

मग १८८२ मध्ये एक दावा आला पेरूच्या ग्वानोवरून, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खतावरून. त्या काळी या खताचा व्यापार प्रचंड होता. एका फ्रेंच कंपनीने पेरुव्हियन ग्वानो कंपनीकडे तिचे अंतर्गत कागद मागितले. कोणते कागद द्यायचे, याचे उत्तर न्यायाधीश ब्रेट यांनी फार सढळपणे दिले. जो कागद स्वतः पुरावा आहे तोच नव्हे, तर जो वाचून पुढील चौकशीची वाट सापडू शकेल असा कागदही द्यावा लागेल, असे त्यांनी ठरवले. पक्ष्यांच्या विष्ठेतून निघालेली ही कसोटी इंग्लंडमध्ये शतकाहून अधिक काळ टिकली.

भारताची १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता या इंग्रजी परंपरेतलीच. तिचा आदेश ११ हा याच विषयाला वाहिलेला आहे. न्यायालयाच्या परवानगीने प्रतिपक्षाला लेखी प्रश्नावली देता येते, त्याच्याकडील दस्तऐवजांची यादी शपथेवर मागता येते, कागद पाहता येतात. आदेश न पाळल्यास वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो आणि प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो. कागदावर हत्यार धारदार आहे. पण पावलोपावली न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो आणि त्यामुळे रोजच्या कामकाजात ते क्वचितच म्यानाबाहेर येते. दावा दाखल झाला, प्रतिवादीने कैफियत दिली, मुद्दे निघाले, साक्षी सुरू झाल्या, अशीच येथील दाव्यांची नेहमीची वाटचाल.

अमेरिका मात्र याच सुमारास वेगळ्या दिशेला वळत होती.

ऑगस्ट १९०६ मध्ये मिनेसोटा राज्याच्या सेंट पॉल शहरात अमेरिकन वकिलांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. तेथे नेब्रास्काहून आलेल्या रॉस्को पाउंड नावाच्या तरुण विधिज्ञाने एक भाषण दिले आणि ज्येष्ठ वकील संतापले. पाउंड यांचे म्हणणे असे की, आपण न्यायदानाचा खेळ करून टाकला आहे. दोन वकील डावपेच लढवतात, न्यायाधीश पंचासारखा नियमभंग तेवढा मोजतो, आणि सत्य काय हे शोधण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. पत्ते शेवटच्या क्षणापर्यंत लपवून ठेवणारा जिंकतो.

त्या भाषणाचे बीज रुजायला तीन दशके लागली. १९३४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने सर्वोच्च न्यायालयाला संघीय न्यायालयांसाठी नियम करण्याचा अधिकार दिला. येल विधी महाविद्यालयाचे अधिष्ठाता चार्ल्स क्लार्क हे मसुदा समितीचे प्रमुख लेखक होते, आणि प्रकटीकरणाचे नियम प्रामुख्याने मिशिगन विद्यापीठाच्या एडसन संडरलँड यांनी लिहिले. १६ सप्टेंबर १९३८ रोजी हे नियम अमलात आले. प्रश्नावली, दस्तऐवज, साक्षीदाराची न्यायालयाबाहेर वकिलांनीच घ्यायची शपथेवरील जबानी, जागेची पाहणी, कबुलीची मागणी ही सारी साधने एकाच पेटीत, आणि दोन्ही पक्षांच्या हातांत. जगात कोठेही वकिलांना इतकी मोकळीक नव्हती.

आता प्रश्न उरला तो असा: कपाट उघडायचे, पण किती? ते उघडताना समोरच्या वकिलाची बॅगही उघडायची काय?

उत्तर एका बुडालेल्या टगबोटीने दिले.

७ फेब्रुवारी १९४३. फिलाडेल्फियाजवळ डेलावेअर नदीत ‘जे. एम. टेलर’ नावाची टगबोट बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा एक तराफा ओढण्याच्या कामात होती. असे तराफे रेल्वेचे डबे नदीपार नेत असत. ओढता ओढता टगबोटच बुडाली. नऊ खलाशांपैकी पाच जण गेले, चौघे वाचले. अपघात विचित्र होता आणि त्याचे कारण कोणालाच नीट सांगता येईना.

तीनच दिवसांनी बोटीच्या दोन मालकांनी आणि विमा कंपनीने वकील नेमला. त्याचे नाव फोर्टनबॉ. ४ मार्चला सरकारी निरीक्षकांपुढे जाहीर चौकशी झाली आणि वाचलेल्या चौघांनी तेथे साक्ष दिली. त्या साक्षी सर्वांना उपलब्ध होत्या. त्यानंतर फोर्टनबॉ यांनी त्या चौघांना स्वतंत्रपणे गाठले, त्यांचे जबाब लिहून घेतले आणि २९ मार्चला त्यांवर सह्या घेतल्या. आणखी काही लोकांशीही ते बोलले. त्यातील काही बोलण्यांची टिपणे केली, काही नुसतीच डोक्यात ठेवली.

पाच मृतांपैकी चौघांच्या वारसांनी तडजोड केली. पाचव्याचे, हिकमन यांचे, प्रतिनिधी न्यायालयात गेले. वर्षभराने त्यांच्या वकिलाने बोटीच्या मालकांना एकोणचाळीस प्रश्न पाठवले. त्यातील अडतिसावा प्रश्न इतिहासात राहिला: खलाशांचे काही जबाब घेतले आहेत काय? घेतले असल्यास लेखी जबाबांच्या नकला जोडा, आणि तोंडी असतील तर त्यांचा तपशील लिहून द्या.

मालकांनी इतर प्रश्नांची उत्तरे दिली. अडतिसाव्याला आणि त्याच विषयावरील पुरवणी प्रश्नांना नकार दिला. जबाब घेतले आहेत हे मान्य; पण ते आमच्या वकिलाने दाव्याच्या तयारीसाठी घेतले आहेत, ते दाखवणार नाही.

जिल्हा न्यायालयाने कागद देण्याचा हुकूम सोडला. मालक आणि वकील दोघेही अडून बसले. तेव्हा न्यायालयाने त्यांना अवमानाबद्दल दोषी ठरवून, हुकूम पाळेपर्यंत तुरुंगात ठेवण्याचा आदेश दिला. अशिलाच्या कागदांसाठी वकिलाने तुरुंगात जाण्याची तयारी ठेवावी, असा प्रसंग विरळाच. अपील न्यायालयाने तो आदेश उलटवला आणि प्रकरण वॉशिंग्टनला पोहोचले.

१३ जानेवारी १९४७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती फ्रँक मर्फी यांच्या निकालपत्राचे दोन भाग पडतात आणि ते परस्परविरोधी वाटावेत असे आहेत. पहिल्या भागात नव्या नियमांचे मोकळ्या मनाने स्वागत आहे. दोन्ही बाजूंना सारी संबंधित वस्तुस्थिती माहीत असल्याशिवाय योग्य न्याय होऊ शकत नाही. समोरचा नुसता गळ टाकून बसला आहे, अशी तक्रार करून माहिती दडवण्याचे दिवस गेले, असे मर्फी सांगतात. आणि दुसऱ्या भागात ते फोर्टनबॉ यांच्या बाजूने निकाल देतात.

कारण काय? वस्तुस्थिती लपवता येणार नाही, पण वकिलाने दाव्यासाठी केलेली टिपणे, त्याचे आडाखे, त्याचा विचार हे समोरच्याने केवळ मागितले म्हणून देता येणार नाहीत. तसे झाले तर कोणताही वकील काही लिहूनच ठेवणार नाही. हिकमनच्या वकिलाला जबाब हवे होते, तर चौघे खलाशी जिवंत होते, त्यांच्या जाहीर साक्षी हाताशी होत्या. त्याने स्वतः जाऊन विचारावे. अन्य मार्गच नाही असे दाखवता आले तर गोष्ट वेगळी, आणि तसे येथे दाखवलेले नव्हते. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी स्वतंत्र मत लिहून याला टोला जोडला. त्यांच्या मते, प्रतिपक्षाच्या बुद्धीवर उसनवारी करून वकिली करता यावी यासाठी हे नियम केलेले नाहीत.

निकाल समतोल होता. फोर्टनबॉ काही अपघाताचे सत्य दडवत नव्हते. खलाशांना कोणीही विचारू शकत होते. वकिलाच्या टिपणांना मिळालेले हे संरक्षण ‘वर्क प्रॉडक्ट’ या नावाने ओळखले जाऊ लागले आणि १९७० मध्ये ते नियमांतच समाविष्ट झाले. पण या आडोशाला पुढे कोण येऊन उभे राहील, याची कल्पना १९४७ मध्ये कोणाला असणे शक्य नव्हते.

येथून पुन्हा भोपाळकडे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे मेली. कारखाना होता युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचा, आणि तिचे ५०.९ टक्के भाग होते अमेरिकेतील मूळ कंपनीकडे. मार्च १९८५ मध्ये संसदेने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार भारत सरकारकडे घेतला, आणि एप्रिलमध्ये सरकारने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा ठोकला. सरकारच्या बाजूने उभी होती मिनियापोलिसची एक वकिली पेढी. तिचे प्रमुख नाव मायकेल सिरेसी. हे नाव लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

अमेरिकेतच का? भरपाईचे आकडे तेथे मोठे असतात हे एक कारण सर्वांना दिसत होते. पण दुसरेही कारण होते. कारखान्याचा आराखडा कोणी ठरवला, सुरक्षेबाबत कोणाला काय माहीत होते, खर्चाला कात्री कोणाच्या सांगण्यावरून लागली, या प्रश्नांची उत्तरे भोपाळच्या राखेत सापडणारी नव्हती. ती कनेक्टिकट राज्यातील डॅनबरी येथे, मूळ कंपनीच्या मुख्यालयातील कपाटांत होती. आणि त्या कपाटांची किल्ली १९३८ च्या अमेरिकी नियमांत होती. १९०८ च्या आदेश ११ मध्ये ती जवळजवळ नव्हतीच.

मग न्यायालयात एक विलक्षण दृश्य दिसले. आपल्याच देशाची न्यायव्यवस्था एवढ्या मोठ्या दाव्यासाठी अपुरी आहे, असे सांगत होते भारत सरकार. विस्कॉन्सिनचे अभ्यासक मार्क गॅलेंटर यांनी सरकारच्या बाजूने तसे सविस्तर प्रतिज्ञापत्र दिले. आणि भारतीय न्यायालये पूर्णपणे समर्थ आहेत, असे प्रतिज्ञापत्र अमेरिकन कंपनीसाठी देणाऱ्यांत होते मुंबईचे नामवंत विधिज्ञ नानी पालखीवाला. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते, हीच त्यातील अवघड गोष्ट. न्यायाधीश म्हणून भारतीय न्यायाधीश कोणाहून कमी नव्हते. पण समोरच्याचे कपाट उघडण्याची साधने त्यांच्या संहितेत तोकडी होती.

कीनन यांनी पालखीवालांचा पक्ष उचलला. भारतीय न्यायालयांना कमी लेखणे म्हणजे साम्राज्यवादाचाच नवा प्रकार ठरेल, असा विचार त्यांनी निकालात मांडला. पण साधनांची उणीव त्यांच्याही लक्षात आली असावी. तिसरी अट त्यातूनच आलेली दिसते. न्यायालय भारताचे, पण किल्ली अमेरिकेची, अशी ती रचना होती.

१४ जानेवारी १९८७ रोजी अपील न्यायालयाने ती रचना मोडली. त्यांचा आक्षेप समतेचा होता. कंपनीने अमेरिकी नियमांप्रमाणे सारे कागद उघडे करायचे आणि भारत सरकारने मात्र भारतीय नियमांप्रमाणे मोजकेच, हे एकतर्फी आहे. दोन्ही पक्षांनी परस्पर संमतीने आणि भारतीय न्यायालयाच्या मान्यतेने समान पद्धत स्वीकारली तर हरकत नाही. तर्क म्हणून यात चूक काढणे कठीण आहे. पण एका पक्षाचे कपाट डॅनबरीत कागदांनी गच्च भरलेले आणि दुसऱ्या पक्षात दवाखान्यांच्या रांगांत उभी असलेली माणसे, अशा वेळी समान नियमाचा परिणाम समान राहत नाही, हे त्या निकालपत्रात कोठेही उमटलेले नाही.

पुढील कथा परिचित आहे. भोपाळच्या जिल्हा न्यायालयात दावा चालू झाला. अंतरिम मदतीच्या प्रश्नावरच तो उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि साक्षीपुराव्याचा टप्पा येण्याआधीच, फेब्रुवारी १९८९ मध्ये, ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. डॅनबरीतील कपाटे भोपाळच्या न्यायालयात कधी उघडलीच नाहीत.

सिरेसी मिनियापोलिसला परतले. पाच वर्षांनी, ऑगस्ट १९९४ मध्ये, मिनेसोटा राज्याचे महाधिवक्ता ह्यूबर्ट हम्फ्री तिसरे यांनी सिगारेट कंपन्यांवर दावा दाखल केला. ‘ब्लू क्रॉस’ ही आरोग्य विमा संस्था सहवादी होती आणि वकील होते सिरेसी. न्यायालय सेंट पॉलचे. पाउंड यांनी अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वी भाषण केले तेच शहर.

सिगारेट कंपन्यांना न्यायालयाचे भय नव्हते. १९५४ पासून चाळीस वर्षे त्यांच्यावर दावे होत होते आणि एकाही धूम्रपान करणाऱ्याला त्यांनी भरपाईचा पैसा दिला नव्हता. न्यू जर्सीच्या रोझ सिपोलोन यांच्या दाव्यात १९८८ मध्ये ज्युरीने त्यांच्या पतीला चार लाख डॉलर देऊ केले. तो निवाडा अपिलात टिकला नाही, आणि दावा पुढे चालवण्याचा खर्च न पेलल्याने शेवटी सोडून द्यावा लागला. एका कंपनीच्या वकिलाने अंतर्गत टिपणात जनरल पॅटनचा दाखला देऊन लिहिले होते की, आपण हे दावे जिंकलो ते आपला सारा पैसा खर्चून नव्हे, समोरच्याला त्याचा सारा खर्च करायला लावून. हे टिपणही उजेडात आले ते प्रकटीकरणातूनच.

मिनेसोटाने कागद मागितले. कंपन्यांनी दिले, आणि देताना असे दिले की मागणाऱ्याची छाती दडपावी. सुमारे साडेतीन कोटी पाने! बहुतेक मिनियापोलिसच्या गोदामात, आणि ब्रिटिश अमेरिकन टोबॅको कंपनीची इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथे. एका माणसाने रोज हजार पाने वाचली तरी पंच्याण्णव वर्षे लागतील. कपाट उघडून दिले होते, पण आत शिरणारा परत येऊ नये अशा बेताने.

सिरेसी यांच्या पथकाने तेव्हा पानांऐवजी सूची मागितली. कारण साधे होते. चाळीस वर्षे दावे लढवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या वकिलांसाठी या कागदांच्या संगणकीय सूच्या नक्कीच केल्या असतील. त्यांशिवाय त्यांनाही काही सापडले नसते. सूच्या होत्याच. आणि कंपन्यांनी त्या देण्यास नकार देताना आधार घेतला तो वकिलाच्या टिपणांना असलेल्या संरक्षणाचा, म्हणजे बुडालेल्या टगबोटीचा. सूची आमच्या वकिलांच्या विचारातून तयार झाली आहे, ती फोर्टनबॉ यांच्या टिपणांसारखीच आहे, असा त्यांचा युक्तिवाद.

न्यायाधीश केनेथ फिट्झपॅट्रिक यांनी तो मानला नाही. एवढ्या कागदांत सूचीशिवाय शोध घेणे अशक्य आहे, ‘अन्य मार्ग नाही’ ही १९४७ ची कसोटी येथे पूर्ण होते, अशा दिशेने त्यांचा विचार गेला. वरच्या न्यायालयांनीही हस्तक्षेप केला नाही. सूच्या आल्या आणि गोदामाचे ग्रंथालय झाले.

दुसरी लढाई त्याहून गंभीर होती. कंपन्यांनी आपले काही शास्त्रीय संशोधन मुद्दाम वकिलांमार्फत करवले होते. प्रयोगशाळेचा अहवाल वकिलाच्या नावे आला, की तो वकील आणि अशील यांच्यातील गोपनीय व्यवहार ठरतो, असा हिशेब. खलाशांच्या जबाबांसाठी उभारलेल्या आडोशामागे आता कर्करोग आणि निकोटिन यांवरील कागद ठेवलेले होते. गोपनीयतेच्या आडून जनतेची फसवणूक होत असेल तर ती गोपनीयता टिकत नाही, हे तत्त्व लावून फिट्झपॅट्रिक यांनी सुमारे ३९ हजार दस्तऐवज खुले करण्याचा हुकूम दिला. कंपन्या धावत वॉशिंग्टनला गेल्या. एप्रिल १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली.

त्या कागदांत आणि आधी मिळालेल्या गोदामात काय होते? आपला धंदा मुळात निकोटिनचा आहे, असे सांगणारे १९७२ सालचे टिपण. आजचा किशोर हा उद्याचा नियमित ग्राहक आहे, असे नोंदवणारा १९८१ चा अहवाल. आणि १९९४ च्या एप्रिलमध्ये सात कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे शपथेवर सांगितले होते की, निकोटिनचे व्यसन लागते असे आपल्याला वाटत नाही.

८ मे १९९८ रोजी, प्रकरण ज्युरीच्या हाती जाण्याच्या बेतात असताना कंपन्यांनी तडजोड केली. राज्याला पंचवीस वर्षांत सहाशे कोटी डॉलरहून अधिक. पण इतिहासाच्या दृष्टीने मोलाचे कलम वेगळे होते: दोन्ही गोदामे दहा वर्षे जनतेसाठी खुली राहतील. भोपाळची तडजोड रकमेवर संपली होती. या वेळी पैशाबरोबर कपाटही मागून घेतले गेले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने हे कागद इंटरनेटवर आणले. जागतिक आरोग्य संघटनेने याच कागदांच्या आधारे २००० साली अहवाल काढून, कंपन्यांनी संघटनेच्या कामात कसे अडथळे आणले ते मांडले. २००३ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. पुढच्याच वर्षी भारताने त्याला मान्यता दिली.

या साधनाचे दुसरे टोकही आहे. श्रीमंत पक्ष गरीब पक्षाला प्रश्नावल्यांनी आणि जबान्यांनी दमवू शकतो. नुसत्या खर्चाच्या धाकाने खऱ्या दाव्यात वादी माघार घेतो आणि खोट्या दाव्यात प्रतिवादी पैसे मोजतो. इंग्लंडने १९९९ मध्ये ग्वानोची सढळ कसोटी आवरती घेतली आणि ‘डिस्कव्हरी’ हे नावही बदलले. अमेरिकेने २०१५ मध्ये मागणीचे प्रमाण दाव्याच्या मोलाशी जुळावे असा दंडक घातला. गंमत अशी की, भारताने त्याच वर्षी उलट दिशेने पाऊल टाकले. व्यावसायिक न्यायालयांच्या कायद्याने मोठ्या व्यापारी दाव्यांसाठी आदेश ११ नव्याने लिहिला गेला आणि आपल्या विरोधात जाणारे दस्तऐवजही न मागता जाहीर करणे दोन्ही पक्षांवर बंधनकारक झाले. हा नवा आदेश व्यापाऱ्यांच्या भांडणांना लागू आहे. कारखान्याच्या वायूने मेलेल्या माणसाच्या वारसांना आजही १९०८ चाच आदेश ११ लागू होतो.

नोव्हेंबर १९९९ मध्ये भोपाळच्या काही पीडितांनी न्यूयॉर्कमध्ये पुन्हा दावा दाखल केला होता. तो पुन्हा न्यायाधीश कीनन यांच्याचपुढे आला. मृत्यू आणि इजांचा प्रश्न १९८९ च्या तडजोडीने मिटलेला धरला गेला. कारखान्याच्या परिसरातील माती आणि पाणी दूषित झाल्याचा भाग तेवढा काही काळ जिवंत राहिला. पण दावा अमेरिकेत असल्यामुळे नियमही अमेरिकेचे होते, आणि २००२ च्या सुमारास मूळ कंपनीच्या कपाटातील काही कागद प्रथमच पीडितांच्या वकिलांच्या हाती आले. त्यात भोपाळच्या कारखान्याच्या गुंतवणुकीचा १९७३ मधील प्रस्ताव होता. तेथे वापरायच्या तंत्रापैकी काही भाग पुरेसा आजमावलेला नाही आणि त्यात जोखीम अधिक आहे, अशी नोंद त्यात होती. कंपनीने या कागदांचा तसा अर्थ लावण्यास हरकत घेतली. दूषित मातीचा दावाही पुढे फेटाळला गेला.

भरपाई वाढवून मिळावी यासाठी केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात उपचारात्मक याचिका केली होती. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली.